मुलाच्या शाळेबद्दलचा निर्णय मान्य नसेल तर कुठे जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. शिक्षण हक्क कायदा (२००९, लागू १ एप्रिल २०१०) म्हणजे ज्याला सगळे ‘आरटीई’ म्हणतात तो. खाली ‘कलम’ एवढंच लिहिलं असेल तर ते याच कायद्याचं समजावं.

१. हेडमास्तरांनी तोंडीच सांगितलं, ‘जागा नाही, दुसरीकडे बघा.’ आता काय करायचं?

तिथल्या तिथे वाद घालू नका, पण कागद दिल्याशिवाय घरीही येऊ नका. साध्या कागदावर प्रवेशाचा अर्ज लिहा, दोन प्रती करा, एक शाळेत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व सही घ्या. अर्जाच्या शेवटी एक ओळ हवी: ‘प्रवेश देता येत नसल्यास कारण लेखी कळवावे.’ बहुतेक प्रकरणं इथेच सुटतात, कारण नकार लेखी द्यायची वेळ आली की शाळा नकार देत नाही.

सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत पहिली ते आठवीचं मोफत शिक्षण मिळणं हा हक्क आहे. सत्र सुरू होऊन दोन महिने झाले म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही (कलम १५). विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्यामुळे जुलैत ‘उशीर झाला’ असं सांगणाऱ्या शाळेचं म्हणणं मुळीच ग्राह्य धरू नका.

२. तक्रार नेमकी कोणाकडे करायची? आम्हाला इकडून तिकडे पाठवतात.

जिल्हा परिषदेच्या किंवा खेड्यातल्या खासगी शाळेबद्दल पहिली ते आठवीपर्यंतची तक्रार पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना पाठवा. कलम ३२ नुसार लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची असते आणि त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. खेड्यात हे प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद, नगर परिषदेच्या हद्दीत नगर परिषद. निर्णय पटला नाही तर अपील मुंबईच्या महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. अपील टपालाने पाठवता येतं, पहिल्याच दिवशी मुंबई गाठायची गरज नाही.

नववी-दहावीसाठी रस्ता वेगळा आहे (प्रश्न ११), आश्रमशाळेसाठीही (प्रश्न १२). शाळा न्यायाधिकरण मात्र शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे वाद ऐकतं. मुलांच्या प्रवेशाची तक्रार तिथे नेणाऱ्यांचे महिने फुकट जातात.

३. अर्जात काय काय लिहायचं? एक नमुना द्या.

एका पानाच्या वर जाऊ नका. मराठीत लिहा, राज्याची राजभाषा मराठीच आहे. सही येत नसेल तर अंगठा चालतो, शेजारी एका साक्षीदाराची सही घ्या.

*प्रति, गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती ……*
*विषय: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ३२ नुसार तक्रार*
*माझी मुलगी ……, जन्मतारीख ……, राहणार …… . दिनांक …… रोजी …… शाळेत इयत्ता चौथीच्या प्रवेशासाठी अर्ज दिला (प्रत जोडली आहे). शाळेने …… असे सांगून प्रवेश नाकारला. ती दिनांक …… पासून शाळेबाहेर आहे. तिला तात्काळ प्रवेश द्यावा आणि या तक्रारीवर मला समक्ष ऐकून लेखी निर्णय द्यावा.*
*नाव, सही/अंगठा, मोबाईल क्रमांक*

नमुन्यात विषयाच्या ओळीला सगळ्यात जास्त किंमत आहे. ‘कलम ३२ नुसार’ हे शब्द असले की तीन महिन्यांची मुदत लागू होते. ‘विनंती अर्ज’ लिहिला तर तो विनंती म्हणूनच फाईलमध्ये पडून राहतो. ‘शाळेबाहेर आहे’ हे वाक्यही गाळू नका, तातडी त्यातूनच दिसते. शिक्षकांच्या स्वभावाबद्दल, गावातल्या राजकारणाबद्दल, मागच्या निवडणुकीबद्दल एकही ओळ नको. तक्रारीत गावकी आली की चौकशी करणाऱ्याला ‘हा आपसातला वाद आहे’ असा शेरा मारायला जागा मिळते.

४. पंचायत समितीत बाबू अर्ज घेतो, पण पोच देत नाही.

‘साहेब आल्यावर शिक्का मारतो, प्रत ठेवून जा’ हे वाक्य ऐकलं की दोन्ही प्रती परत घ्या. आवक विभाग वेगळा असतो, शिक्का तिथे मिळतो. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख दोन्ही दिसली पाहिजेत, कारण नुसत्या सहीवरून सहा महिन्यांनी कोणाला काही आठवत नाही. तिथेही नकार मिळाला तर त्याच दिवशी टपाल कार्यालयातून पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. पावतीवरची शाई उडते, म्हणून झेरॉक्स काढा. मोबाईलवरचा फोटो जोडीला असू द्या, पण कागदाची जागा त्याने भरून निघत नाही.

५. वकील करायला पैसे नाहीत. खरंच फुकट वकील मिळतो?

मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार मुलं, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न बघता मोफत मदत आहे. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. इथे बरेच पालक चुकतात. वडिलांच्या नावाने अर्ज करतात, मग उत्पन्नाचा दाखला मागितला जातो. हक्क मुलाचा आहे, म्हणून अर्ज मुलाच्या नावाने, ‘पालक म्हणून आई’ असा द्या. मुलाच्या नावानेही आणि आईच्या नावानेही उत्पन्न विचारात येत नाही.

अर्ज तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा. सोबत ओळखपत्र, मुलाच्या वयाचा कोणताही पुरावा आणि प्रश्न ३ मधल्या तक्रारीची पोच न्या. १५१०० या मोफत क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते. वकिलाची फी, कोर्ट फी, टंकलेखन, नकलांचा खर्च हे सगळं यात येतं. नेमलेल्या वकिलाने वेगळे पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. मदतीचा अर्जच नाकारला गेला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, अपील करता येतं.

आणखी एक: वकील फक्त कोर्टासाठी असतो असं समजू नका. पंचायत समितीला जाणारं पत्र तपासून घेणं, नोटीस पाठवणं हेही विधी सेवेत बसतं, आणि बऱ्याच घरांना तेवढंच पुरतं.

६. मी मुलाची आजी आहे. मला तक्रार करता येते का? आणि तक्रार केल्यावर मास्तर पोराला त्रास देतील त्याचं काय?

येते. कलम ३२ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. आजी, मामा, अंगणवाडीताई, शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य, कोणीही.

त्रासाची भीती खरी आहे आणि ती हलक्यात घेऊ नये. म्हणूनच अशा ठिकाणी एकट्या घराने तक्रार न देता व्यवस्थापन समितीच्या ठरावाने द्यावी. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात (कलम २१). समिती कागदावरच असेल तर तोही तक्रारीचा मुद्दा होतो. मानसिक छळ आणि मारहाण दोन्हींना कलम १७ ने बंदी आहे. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासून कागद घ्या, १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर कळवा आणि पोलिसांत जा. लैंगिक प्रकार असेल तर शिक्षण विभागाच्या चौकशीची वाट अजिबात बघू नका, थेट पोलीस ठाणं गाठा. तो पॉक्सो कायद्याचा (२०१२) गुन्हा आहे आणि माहिती असून न कळवणं हाही गुन्हाच.

७. फी थकली म्हणून खासगी शाळा टीसी अडवून बसली आहे. नवी शाळा टीसीशिवाय घेत नाही.

दोन्ही शाळा चुकत आहेत. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाला टीसी लगेच द्यावी लागते, आणि टीसी यायला उशीर झाला हे नव्या शाळेला प्रवेश लांबवायचं किंवा नाकारायचं कारण होऊ शकत नाही. टीसी लांबवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते (कलम ५).

आधी नव्या शाळेत प्रवेश अर्ज द्या, त्यात कलम ५ लिहा, मूल वर्गात बसवा. मग जुन्या शाळेच्या मागे लागा. उलट क्रमाने गेलात तर टीसी मिळेपर्यंत वर्ष जातं. ऑनलाईन नोंद जुन्या शाळेत अडकली असेल तर नव्या शाळेने पोर्टलवरून हस्तांतरणाची विनंती पाठवायची असते. जुनी शाळा ती मान्य करत नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना तसं लेखी कळवा. फीचा वाद शाळेने वेगळा चालवावा, त्यासाठी मुलाला ओलीस धरता येत नाही.

८. जन्मदाखला नाही, आधारही नाही. प्रवेश अडतो का?

अडत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). आधार नसल्याने मुलाला शाळेबाहेर ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात सांगितलं आहे. पण शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारीख, आडनाव आणि जात नीट लिहिली गेली का, हे पहिल्याच दिवशी स्वतः बघा. गोंड, कोलाम, कोरकू, माना अशा नोंदींत एका अक्षराची चूक पुढे जात पडताळणीच्या वेळी वर्षानुवर्षं छळते. मूल शाळेत असेपर्यंत ती दुरुस्त करून घेणं सोपं, दाखला हातात पडल्यावर अवघड.

९. पंचवीस टक्क्यांत (खासगी शाळेतल्या आरटीईच्या राखीव जागांत) नंबर लागला, पण पडताळणीत नाव कापलं. काय करता येईल?

कापण्याची कारणं मोजकीच असतात: पत्ता आणि नकाशावरचं ठिकाण जुळत नाही, भाडेकरार नोंदणीकृत नाही, उत्पन्नाचा दाखला चुकीच्या वर्षाचा, किंवा कागद अर्जाच्या तारखेनंतरचा. आधी तालुक्याच्या पडताळणी समितीकडून कारण लेखी घ्या. आर्थिक दुर्बल घटकाला एक लाख रुपयांच्या आतला दाखला लागतो. वंचित घटकाला (अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, दिव्यांग वगैरे) उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यांच्याकडे तो मागून नाव कापलं असेल तर ती समितीची चूक आहे, शिक्षणाधिकाऱ्यांकडे लगेच हरकत द्या. प्रवेशाची तारीख एकदा उलटली की जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला जाते, म्हणून इथे तीन महिन्यांची वाट परवडत नाही. एसएमएस आला नाही हे कारण मान्य होत नाही, पोर्टल स्वतः उघडून बघा.

‘एक किलोमीटरच्या आत जिल्हा परिषदेची शाळा आहे, म्हणून आम्हाला पंचवीस टक्के लागू नाही’ असं काही खासगी शाळा अजून सांगतात. तो फेब्रुवारी २०२४ चा बदल होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उलटवला नाही. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळेला मात्र पंचवीस टक्के लागू नाहीत, हे २०१४ पासून ठरलेलं आहे. शाळा तसं म्हणत असेल तर दर्जाच्या प्रमाणपत्राची प्रत मागा.

१०. पट कमी म्हणून गावातली शाळा बंद करून पोरं तीन किलोमीटरवरच्या शाळेत पाठवायचं ठरलं आहे. रोखता येईल?

महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत हवी. चौथीतल्या मुलाला तीन किलोमीटर चालवणारा आदेश या नियमात बसत नाही. अंतर जास्तच असेल तर शासनाने प्रवासाची सोय किंवा भत्ता द्यायचा असतो, आणि तोही आदेशात लिहिलेला असला पाहिजे.

कागदावरचं अंतर सरळ रेषेत मोजलेलं असतं. मेळघाटात, भामरागडात, झाडीपट्टीत पाऊस लागला की वाटेतला नाला भरतो आणि एक किलोमीटरची वाट पाचाची होते, नाहीतर बंदच होते. हे सिद्ध करणं पालकांच्या हातात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याचे फोटो तारखेसह काढा. हाताने नकाशा काढा: घरं, नाला, जंगलाचा पट्टा, डांबरी रस्ता, नवी शाळा, आणि लहान मुलाला चालायला लागलेला वेळ. त्यावर व्यवस्थापन समितीच्या सह्या घ्या. मुलांची यादी जन्मतारखेसह जोडा, पुढच्या दोन वर्षांत पहिलीत येणारी अंगणवाडीतली मुलंही त्यात धरा. पटाचा मुद्दा बऱ्याचदा तिथेच ढासळतो.

ग्रामसभेचा ठराव घ्या. पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या) गावांनी तर घ्यावाच, तिथे ग्रामसभेच्या म्हणण्याला कायद्याचं बळ जास्त आहे. आदेशाची प्रत मागा, तोंडी ‘वरून आलंय’ यावर थांबू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘समायोजनास (म्हणजे मुलं दुसऱ्या शाळेत हलवण्यास) हरकत नाही’ असा छापील कागद पालकांकडून सही करून घेतात, कधी गणवेशाच्या नाहीतर पुस्तकांच्या यादीबरोबर. वाचल्याशिवाय सही करू नका. आणि तक्रार होण्याआधी टीसी काढून नेऊ नका. मुलांची नावं दुसऱ्या शाळेच्या पटावर चढली की गावातल्या शाळेचा पट शून्य होतो, मग लढायला आधारच राहत नाही.

११. पाचवीत नापास केलं. आणि मोठ्याला नववीतून काढून टाकलं. दोन्हीला एकच कायदा का?

नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवता येतं, पण आधी जादा शिकवणी आणि निकालानंतर दोन महिन्यांत पुनर्परीक्षा द्यावी लागते. यांपैकी काही झालं नसेल तर नापासाचा निर्णय टिकत नाही. जादा तास कोणत्या तारखांना झाले ते लेखी विचारा. इतर इयत्तांत, आठवीपर्यंत, नापास करता येत नाही, आणि आठवी होईपर्यंत शाळेतून काढता तर कधीच येत नाही (कलम १६). चौदा वर्षं उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफतच.

नववीला आरटीई संपतो. तिथे माध्यमिक शाळा संहिता लागते आणि तक्रार शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मग विभागीय शिक्षण उपसंचालक, नागपूर किंवा अमरावती, यांच्याकडे. मुख्य मुद्दा हाच ठेवा की काढण्याआधी नोटीस दिली का, मुलाचं म्हणणं ऐकलं का. दहावी-बारावीच्या गुणांबद्दल तक्रार असेल तर ती शाळेकडे नाही, विभागीय मंडळाकडे. पुनर्मूल्यांकनासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते आणि दोन्हींच्या मुदती निकालाच्या दिवसापासून थोड्याच दिवसांच्या असतात.

१२. आश्रमशाळेने सुट्टीनंतर परत घेतलं नाही.

आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या. अर्ज प्रकल्प अधिकाऱ्यांकडे (धारणी, पांढरकवडा, पुसद, चंद्रपूर, चिमूर, देवरी, गडचिरोली, अहेरी, भामरागड इथे प्रकल्प कार्यालयं आहेत), वर अपर आयुक्त, नागपूर किंवा अमरावती. आठवीपर्यंत कलम १६ इथेही लागू आहे, म्हणून ‘उशिरा आला, नाव कमी केलं’ हे चालत नाही.

१३. आम्ही मिरची तोडायला तेलंगणात, वीटभट्टीवर जातो. परत आल्यावर शाळा म्हणते, नाव पटावरून कमी झालं.

निघताना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवून जिथे जाल तिथे आणि परत आल्यावर मूल वर्गात बसू शकतं. कार्ड घेतलं नसेल तरी वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यावाच लागतो, मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणासह (कलम ४). खालच्या वर्गात बसवलं तर प्रश्न ३ प्रमाणे तक्रार. शक्य असेल तर मुलाला मागे ठेवून हंगामी वसतिगृहाची मागणी व्यवस्थापन समितीकडे दिवाळीआधीच करा.

१४. मुलगी दिव्यांग आहे. शाळा म्हणते, ‘विशेष शाळेत घाला.’

निवड तुमची आहे, शाळेची नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण आहे, म्हणजे चौदा नाही, अठरापर्यंत. प्रमाणपत्र नसेल तर जिल्हा रुग्णालयातून काढा, पण ते येईपर्यंत प्रवेश थांबवू देऊ नका. रॅम्प, पुढच्या बाकावर जागा, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका, लेखनिक अशा सोयी एक-एक नाव घेऊन लेखी मागा. ‘सोय करा’ एवढंच लिहिलं तर काहीच होत नाही. नकार आला तर दिव्यांग कल्याण आयुक्त, पुणे यांच्याकडे तक्रार.

१५. तक्रारीचं काय झालं हे कोणी सांगतच नाही.

माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जनमाहिती अधिकाऱ्याला अर्ज द्या. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही फी नाही. ‘आवक क्रमांक …… च्या तक्रारीवर केलेल्या कार्यवाहीची, टिपणीसह, प्रत द्यावी’ एवढंच मागा. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर न देण्याची मुभा आहे. मुदत तीस दिवस, नंतर तीस दिवसांत पहिलं अपील, मग नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडे दुसरं. खासगी शाळा स्वतः माहिती देत नसेल तर तिची माहिती शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत मागता येते.

१६. हायकोर्टात कधी जायचं? त्या काळात पोरगी घरीच बसेल का?

विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे. मोफत वकिलासाठी तिथे उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती आहे, जिल्ह्याच्या प्राधिकरणामार्फतही अर्ज पाठवता येतो. न्यायालय आधी विचारतं, ‘खाली तक्रार केली होती का?’ म्हणून कलम ३२ ची पोच नसेल तर याचिका बहुधा परत खालीच जाते. अपवाद वेळेचा. परीक्षेला बसू देत नाहीत, प्रवेशाची शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, शाळा कुलूप लावून बंद केली आहे, अशा वेळी तीन महिने थांबायची अपेक्षा कोणी करत नाही. मात्र तातडी कागदावर दिसली पाहिजे, आणि निर्णय कळल्यावर सहा महिने गप्प राहून मग ‘तातडीने’ आलात तर ती दिसत नाही.

याचिकेत अंतरिम आदेशाची मागणी स्वतंत्र परिच्छेदात करायला वकिलांना सांगा: निकाल लागेपर्यंत मुलीला वर्गात बसू द्यावं, परीक्षा देऊ द्यावी. ही मागणीच विसरली जाते आणि निकाल लागेपर्यंत शैक्षणिक वर्ष सरतं. याचिका इंग्रजीत असते. शपथपत्रावर सही करण्याआधी ती मराठीत वाचून घ्या, तारखा आणि इयत्ता स्वतः तपासा. आणि याचिका चालू असताना मुलीला घरी ठेवू नका. जवळच्या कोणत्याही सरकारी शाळेत ‘हक्क राखून तात्पुरता प्रवेश’ असं अर्जात लिहून बसवा, आणि त्या अर्जाची पोच वकिलांना द्या, म्हणजे ‘दुसरीकडे प्रवेश घेतला, वाद संपला’ असं समोरच्याला म्हणता येणार नाही.